डेबियन १२ वरून १३: बूट होताना अडकलेल्या लॅपटॉपच्या प्रकल्प नोंदी

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार, सकाळ

दादाचा लॅपटॉप आलाय. डेबियन ही लिनक्स प्रणाली १२ (बुकवर्म) वरून १३ (ट्रिक्सी) वर अपग्रेड केली, शेवटी रीस्टार्ट केला, तेव्हापासून उठलेला नाही. तक्रार एवढीच: "काळी स्क्रीन येते आणि हँग होतो." सोबत सल्लाही आला: "पुसून टाक ना सगळं. नव्यानं टाकायला कितीसा वेळ लागतो?"

पुसणार नाही. पुसलं की मशीन चालू होईल, पण का अडकलं होतं ते कधीच कळणार नाही. शिवाय माझा स्वतःचा लॅपटॉप अगदी याच मांडणीचा आहे, अजून १२ वरच आहे, आणि त्याचंही अपग्रेड करायचंय. इथे जे सापडेल ते तिथे लागेल.

मशीनची माहिती आधी लिहून ठेवतो. ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, शिवाय १ टीबीची हार्ड डिस्क. मूळ इन्स्टॉलेशन २०१९ मधलं, डेबियन १० चं. तिथून ११, १२ असं चढत आलंय. पार्टिशनची मांडणी त्या वेळच्या इन्स्टॉलरनंच करून दिलेली: सुरुवातीला ईएफआय पार्टिशन, मग वेगळं छोटं /बूट (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, इथे असतो), उरलेली सगळी एसएसडी लक्स एन्क्रिप्शनखाली, लक्सच्या आत एलव्हीएम (जागेचे लवचिक तुकडे पाडणारी व्यवस्था) आणि त्यात रूट (मुख्य सिस्टिम), स्वॅप (रॅमला जोड), होम (आपल्या फाइली). हार्ड डिस्कवरही लक्स आहे. तिची किल्ली रूटवरच्या एका फाइलमध्ये आहे आणि ती /डेटा म्हणून जोडली जाते.

दादानं कुणाच्या तरी सांगण्यावरून कर्नलच्या ओळीत "नोमोडसेट" घालून पाहिलं होतं. काहीच फरक पडला नाही म्हणाला. काळी स्क्रीन म्हटलं की लोक आधी हाच उपाय सांगतात. खरं तर तो उपाय नाही, चाचणी आहे. फरक पडला असता तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर गेला असता. पडला नाही, म्हणजे ग्राफिक्स यादीत बरंच खाली गेलं.

१३ सप्टेंबर, दुपार

आज फक्त बघायचं, हात लावायचा नाही. बूट कुठल्या टप्प्यापर्यंत पोचतं हे ठरल्याशिवाय कुठलीही कमांड चालवण्यात अर्थ नाही. आधी फर्मवेअर, मग ग्रब (बूटचा मेन्यू), मग कर्नल, मग इनिटआरडी (सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम), मग सिस्टिमडी (बाकी सगळ्या सेवा चालू करणारा), आणि शेवटी लॉगिन स्क्रीन. यातल्या कुठल्याही दोघांच्या मध्ये मशीन थांबलं तरी बघणाऱ्याला ते सारखंच दिसतं.

ग्रबचा मेन्यू येतो. पहिला पर्याय निवडला की डाव्या कोपऱ्यात "लोडिंग लिनक्स ६.१२.४३" अशी ओळ येते आणि मग सगळं शांत. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. नेहमी या ओळीखाली आणखी एक ओळ येते: "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क". ती इथे येतच नाही. आणि कॅप्स लॉकचा दिवा आपोआप उघडझाप करतोय. दादानं पाठवलेल्या फोटोत दिवा दिसणं शक्यच नव्हतं. मशीन समोर असल्याचा हा फायदा.

हा दिवा लुकलुकतो तो कर्नल पॅनिक झाल्यावर. म्हणजे मशीन हँग झालेलं नाही. कर्नलनं हात टेकलेत आणि जमेल तसं ते सांगतंय.

ग्रबमध्ये "ई" दाबून लिनक्सच्या ओळीतला "क्वाएट" हा शब्द काढला आणि कंट्रोल-एक्सनं बूट केलं. मजकूर भराभर वर सरकत गेला आणि शेवटी हे उरलं: "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)". कंसातल्या दोन शून्यांचा अर्थ असा की कर्नलला रूट म्हणून वापरता येईल असं एकही उपकरण दिसलेलं नाही. साहजिक आहे. लक्स उघडणं आणि एलव्हीएम जागं करणं ही कामं करणारी साधनं असतात इनिटआरडीमध्ये, त्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये. तीच लोड झाली नाही तर एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणार कोण?

दादाला फोन केला. "पासवर्ड विचारतो का रे?" "नाही, तिथपर्यंत जातच नाही." हे पहिल्याच फोनमध्ये कळलं असतं तर सकाळ वाचली असती. पण असं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि त्यानं का सांगावं?

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

ग्रबच्या "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जुनी ६.१ मालिकेतली कर्नल अजून आहेत. डेबियन ती आपणहून लगेच काढत नाही, हे चांगलं. त्यातलं सगळ्यात नवं निवडलं. या वेळी रॅमडिस्कची ओळ आली, पासवर्डची विचारणा आली, पासवर्ड चालला. एसएसडी आणि तिच्यावरचा डेटा ठीक आहे, ही आजची मोठी बातमी.

पण पुढे गाडी पुन्हा अडली, आणि वेगळ्या जागी. लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे फिरतायत आणि शेजारी "ए स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर /डेव्ह/मॅपर/डेटा_क्रिप्ट", पुढे घड्याळ, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत मोजणारं. सिस्टिमडी एखाद्या उपकरणाची वाट बघतं ती डीफॉल्ट ९० सेकंद. वेळ संपली, "डिपेन्डन्सी फेल्ड फॉर /डेटा" आलं, आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. तिथेही आत जाता येत नाही, कारण "रूट अकाउंट इज लॉक्ड" (हे रूट म्हणजे प्रशासकाचं खातं). इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की डेबियन रूट खातं बंद ठेवतं आणि सगळी कामं सुडोनं, म्हणजे तेवढ्यापुरते प्रशासकाचे हक्क घेऊन, होतात. रोजच्या वापराला ते उत्तम, पण अशा वेळी दार बाहेरूनही बंद आणि आतूनही. एंटर दाबला की तोच फेरा पुन्हा. ज्याला हे संदेश वाचायची सवय नाही तो यालाही "हँग" म्हणेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

तर दुखणी दोन आहेत. नव्या कर्नलला इनिटआरडी नाही. आणि जुनं कर्नल पुढे जातं, पण /डेटा उघडत नाही. दोन्ही एकाच अपग्रेडमध्ये झाली, म्हणून एकच वाटली.

मशीन बंद करायला पॉवरचं बटण दाबून धरलं नाही. सिस्टिमडी चालू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालतं. तेही ऐकत नसेल तर दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबायचं, मग ते कुणासाठीही न थांबता रीबूट करतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आत शिरायचा रस्ता: ग्रबमध्ये जुन्या कर्नलच्या ओळीच्या शेवटी "सिस्टिमडी.डीबग_शेल" जोडलं. यानं नवव्या टर्मिनलवर थेट रूटचा शेल (कमांड लिहायची जागा) मिळतो, पासवर्ड न विचारता. कंट्रोल-ऑल्ट-एफ९. ग्रबमध्ये हातानं केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे दार कायमचं उघडं राहण्याची भीती नाही. कायमच्या सेटिंगमध्ये मात्र हा शब्द कधीही घालू नये.

९० सेकंद मोजले जात असतानाच आत गेलो. "सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स" म्हणतंय की डेटा_क्रिप्टचं उपकरण तयार होण्याची वाट चालू आहे आणि बाकी सगळे त्याच्यामागे रांगेत. आता ते उपकरण तयार करणारी जी सेवा, सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप, तिची स्थिती विचारली. उत्तर: अशी युनिटच सापडत नाही. अपयशी नाही, बंद नाही, अस्तित्वातच नाही. वाट बघणारे सगळे आहेत, काम करणारा कुणीच नाही.

हार्ड डिस्कवर संशय नको म्हणून "क्रिप्टडिस्क्स_स्टार्ट डेटा_क्रिप्ट" हातानं चालवलं. क्षणात उघडली. मग माउंट केली, फाइली दिसल्या. डिस्क ठीक, किल्ली ठीक, क्रिप्टटॅबमधली (कुठली एन्क्रिप्टेड डिस्क कशी उघडायची त्याची यादी) ओळ ठीक. बूटच्या वेळी ती ओळ वाचून काम करणारा तेवढा गायब.

पॅकेजांची यादी पाहिली तेव्हा उलगडा झाला. डेबियन १२ मध्ये क्रिप्टटॅब वाचून सेवा तयार करणारा हा भाग सिस्टिमडीच्या मुख्य पॅकेजातच होता. १३ मध्ये तो सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलाय. मुख्य पॅकेज त्याची फक्त शिफारस करतं, सक्ती करत नाही. ट्रिक्सीच्या प्रकाशन टिपणात हे स्पष्ट लिहिलंय: एन्क्रिप्टेड फाइलसिस्टिम वापरत असाल तर रीबूट करण्याआधी हे पॅकेज आहे ना, ते बघा. साधारणपणे ते आपोआप येतंच, कारण ॲप्ट (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) शिफारशीही बसवतं. इथे का आलं नाही? ॲप्टच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये २०१९ ची एक छोटी फाइल आहे. तिच्यात एकच ओळ: इन्स्टॉल-रेकमेंड्स, फॉल्स.

दादाला विचारलं. "हो, जागा वाचते असं कुठेतरी वाचलं होतं." जागा वाचतेही. इतकी वर्षं कुणाला त्रास झाला नाही. पण "शिफारस" या प्रकारात डेबियन जे टाकतं ते बहुतेकांना लागणारं असतं. ज्याला नको त्यानं एकेक पॅकेज बघून नाकारावं, सरसकट नाही. ती फाइल काढून टाकतोय.

मग प्रश्न असा की रूट कसं उघडलं? तेही लक्सच आहे. उत्तर: डेबियनच्या नेहमीच्या इनिटआरडीत सिस्टिमडी नसतं. तिथे क्रिप्टसेटअप-इनिट्रॅमएफएसच्या स्वतःच्या स्क्रिप्ट असतात, आणि रूट त्याच उघडतात. सिस्टिमडी येतं ते रूट उघडल्यानंतर. म्हणून ज्यांच्याकडे फक्त रूट एन्क्रिप्टेड आहे त्यांना हा दगड लागणारच नाही. रूटशिवाय आणखी काही एन्क्रिप्टेड असलेल्यांनाच लागेल.

एफएसटॅबमधली (काय कुठे जोडायचं त्याची यादी) /डेटाची ओळ तात्पुरती बंद करून रीबूट केलं. जुन्या कर्नलवर लॉगिन स्क्रीन आली, वायफाय आलं. सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप बसवलं. बसवताना ॲप्टनं शेवटी एक एरर दिली, ६.१२ कर्नलच्या पॅकेजबद्दल, "हे अर्धवट आहे" अशा अर्थाची. ती या पॅकेजची नाही, पहिल्या दुखण्याची आहे. तिच्याकडे नंतर.

/डेटाची ओळ परत चालू केली, पण "नोफेल" (जोडता आलं नाही तरी पुढे जा) जोडून, आणि उपकरणाची वाट बघण्याची मुदत १० सेकंदांवर आणून. क्रिप्टटॅबमध्येही "नोफेल". फोटो आणि जुनी कागदपत्रं ठेवायची डिस्क; ती आली नाही म्हणून अख्ख्या मशीननं लॉगिन नाकारावं हे मला पटत नाही. होमच्या ओळीला मात्र हे लावलेलं नाही. होम न जोडता लॉगिन झालं तर प्रोग्राम रिकाम्या जागेत नव्या सेटिंग लिहायला लागतात, आणि मग तो गोंधळ निस्तरत बसावं लागतं.

रीबूट. जुन्या कर्नलवर /डेटासह सगळं व्यवस्थित.

१६ सप्टेंबर, मंगळवार, रात्र

पहिल्या दुखण्याकडे. "डीपीकेजी --ऑडिट" (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खालचं पॅकेजांचं साधन) म्हणतं की ६.१२ कर्नलचं पॅकेज उघडलं गेलंय पण कॉन्फिगर झालेलं नाही. कारण ॲप्टच्या टर्मिनल लॉगमध्ये असणार. फाइल लांबलचक आहे. "अपडेट-इनिट्रॅमएफएस: फेल्ड" शोधलं आणि त्याच्या जरा वरच ओळ सापडली: झेडएसटीडी (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम), राइट एरर, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

/बूट भरलंय.

अपग्रेड चालू असताना हजारो ओळी सरकतात, त्यात ही एक ओळ मधेच येऊन गेली. पुढे कितीतरी पॅकेजं सुखरूप बसली. शेवटी ॲप्टनं एररची बेरीज दिली असणारच, पण तोवर डेस्कटॉपनं "रीस्टार्ट करा" म्हटलं होतं.

/बूट एकूण २३६ एमबी. ६.१ ची दोन कर्नल, प्रत्येकी सुमारे ७० एमबी, त्यातला मोठा वाटा इनिटआरडीचाच. ग्रबच्या फाइली थोड्या. ६.१२ चं कर्नल स्वतः १२ एमबीच्या आसपास, ते बसलं. त्याची इनिटआरडी बनायला गेली तेव्हा जागा संपली, अर्धवट फाइल काढून टाकली गेली, पॅकेज तसंच राहिलं. त्यानंतर ग्रबचं पॅकेज अपग्रेड झालं, त्यानं मेन्यू नव्यानं बनवला, /बूटमध्ये नवं कर्नल दिसलं म्हणून त्याला पहिला क्रमांक दिला. इनिटआरडी दिसली नाही, म्हणून तिची ओळ लिहिली नाही. प्रत्येकानं आपापलं काम नियमानं केलं.

इनिटआरडी एवढी फुगली का? डीफॉल्ट सेटिंग "मोस्ट" आहे, म्हणजे बहुतेक सगळ्या मशीनना लागतील असे ड्रायव्हर आत भरायचे, आणि त्या ड्रायव्हरना लागणारं फर्मवेअरही. ड्रायव्हरपेक्षा फर्मवेअर जड, त्यातही ग्राफिक्सचं सगळ्यात जड. ट्रिक्सीची प्रकाशन टिपणं /बूट निदान ७६८ एमबी असावं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं सांगतात. डेबियन १० किंवा त्याआधीचं इन्स्टॉलेशन असेल तर /बूट लहान असण्याची दाट शक्यता आहे, असा इशाराही तिथेच आहे. आपण अगदी त्याच गटात.

आजचा तात्पुरता इलाज: दोनपैकी जुनं ६.१ काढलं. ज्यावर आत्ता मशीन चालू आहे ते ठेवलं. नवं उठतंय हे डोळ्यांनी बघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. इनिट्रॅमएफएसच्या सेटिंगमध्ये "मोस्ट"च्या जागी "डेप" केलं, म्हणजे फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर. मग "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". या वेळी इनिटआरडी बनली, "मोस्ट"च्या निम्म्याहूनही लहान. ग्रबच्या मजकुरात "फाउंड लिनक्स इमेज"च्या खाली "फाउंड इनिटआरडी इमेज" आलं. शनिवारपासून जी ओळ दिसत नव्हती तिचीच ही जोडीदार.

रीबूट करण्याआधी एक तपासणी, जी सहसा कुणी करत नाही: "एलएसइनिट्रॅमएफएस"नं नव्या फाइलच्या आत काय आहे ते बघितलं. क्रिप्टसेटअपचा प्रोग्राम आहे, आणि क्रिप्टरूट फोल्डरमध्ये क्रिप्टटॅब आहे. ही दोन्ही नसती तर पासवर्ड विचारलाच गेला नसता.

याच कारणानं एक गोष्ट टिपून ठेवतो. जुनं कर्नलही उठत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून, लक्स उघडून, चेंजरूट करून (त्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून) हेच सगळं करता येतं. फक्त लक्स उघडताना त्याला नाव तेच द्यायचं जे क्रिप्टटॅबमध्ये लिहिलंय. डेस्कटॉपवर डिस्कच्या चिन्हावर क्लिक करून उघडलं तर लक्स-पासून सुरू होणारं लांबलचक नाव पडतं. मग इनिटआरडी बनवणारी स्क्रिप्ट "हे नाव क्रिप्टटॅबमध्ये सापडत नाही" असा इशारा देते आणि रूट उघडायची सोय न करताच फाइल बनवून मोकळी होते. फाइल बनली म्हणून माणूस खूश, आणि रीबूट केलं की पुन्हा तिथेच.

६.१२ वर बूट झालं. पासवर्ड, लॉगिन, /डेटा, वायफाय, आवाज, सगळं आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मशीन उठतंय, पण पासवर्ड विचारण्याआधी बराच वेळ नुसतं बसून राहतं. दादाला म्हटलं अजून एक गोष्ट राहिलीय. तो म्हणाला, "ते तर नेहमीचंच आहे. आधीपासून तेवढा वेळ लागतो."

"सिस्टिमडी-ॲनलाइझ"नं कर्नलच्या खात्यात बराच वेळ दाखवला. तो आकडा जपून वाचायला हवा: इनिटआरडीत सिस्टिमडी नसल्यामुळे तिथला सगळा वेळ कर्नलच्याच नावावर पडतो, पासवर्ड टाइप करायला लागलेला वेळही. कुठल्या सेवेला किती वेळ लागला ते सांगणाऱ्या त्याच्याच "ब्लेम"च्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ती यादी बघून "सगळं तर पटापट होतंय" असं वाटतं.

"क्वाएट" काढून बूट केलं तेव्हा ओळ दिसली: "गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस". हायबरनेट केलेलं सत्र परत आणायचं असेल तर म्हणून इनिटआरडी आधी स्वॅप शोधते. रिझ्यूमच्या सेटिंगमध्ये जो यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) लिहिलाय तो आजच्या स्वॅपचा नाहीच. स्वॅप कधीतरी नव्यानं फॉरमॅट झालं आणि ही फाइल जुनीच राहिली. जे नाही त्याची वाट बघितली जातेय, रोज. मंगळवारच्या आउटपुटमध्येही इशारा होता: "नो मॅचिंग स्वॅप डिव्हाइस इज अव्हेलेबल".

दादा हायबरनेट कधीच करत नाही. "रिझ्यूम=नन" लिहिलं, इनिटआरडी पुन्हा बनवली. थांबा गेला. याचा अपग्रेडशी संबंध नव्हता, पण शोधाशोध त्याच रस्त्यावरून चालली होती.

२० सप्टेंबर, शनिवार

"डेप"वर कायम राहायचं नाही. एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावायची वेळ आली तर अशी इनिटआरडी तिथे उठेलच असं नाही, आणि मोडलेल्या मशीनमधून डिस्क काढावी लागते ती नेमकी घाईच्या वेळी. शिवाय इनिटआरडी नव्यानं बनते तेव्हा नवी फाइल पूर्ण होईपर्यंत जुनीही जागेवरच असते. म्हणजे जागा दोन्हींची लागते. २३६ एमबीत हे दुखणं पुढच्या एखाद्या कर्नलला परत येणार.

/बूट मोठं करायचं. ते आहे तिथेच वाढवायचं तर त्याला लागून असलेलं लक्सचं पार्टिशन पुढे सरकवावं लागेल, म्हणजे जवळजवळ अख्खी डिस्क इकडून तिकडे लिहायची. नको. ग्रबला /बूट डिस्कच्या कुठल्याही भागात चालतं. लक्सच्या शेवटून थोडी जागा कापायची आणि तिथे १ जीबीचं नवं /बूट बनवायचं.

आधी बॅकअप. होमची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि लक्सच्या हेडरची वेगळी प्रत, तीही बाहेरच. हेडर बिघडलं तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी मांडणी आहे: पार्टिशनमध्ये लक्स, लक्समध्ये फिजिकल व्हॉल्यूम, त्यात लॉजिकल व्हॉल्यूम, सगळ्यात आत होमची फाइलसिस्टिम. लहान करताना आतून बाहेर यायचं, आणि प्रत्येक थरात थोडी फट ठेवायची. फाइलसिस्टिम तपासून ४ जीबीनं कमी केली. लॉजिकल व्हॉल्यूम ३ जीबीनं. होम शेवटचंच असल्यामुळे मोकळी जागा टोकालाच आली, काही हलवावं लागलं नाही. फिजिकल व्हॉल्यूम २ जीबीनं. लक्सला आकार सांगावाच लागत नाही: त्याच्या हेडरमध्ये तो नोंदलेला नसतो, उघडताना पार्टिशन जेवढं असेल तेवढं ते घेतं. म्हणून एलव्हीएम बंद केलं, लक्स बंद केलं, आणि पार्टेडनं पार्टिशनचा शेवट १ जीबीनं मागे घेतला. पार्टेड "डेटा जाऊ शकतो, नक्की?" असं विचारतं. त्या क्षणी आकडे परत एकदा कागदावर ताडून पाहिले आणि मग "येस".

लक्स पुन्हा उघडलं. फिजिकल व्हॉल्यूम पार्टिशनच्या आत पुरेसं आहे. आता बाहेरून आत, फटी भरत: फिजिकल व्हॉल्यूम, लॉजिकल व्हॉल्यूम, फाइलसिस्टिम, सगळ्यांना "आहे तेवढी जागा घ्या" म्हणून सांगितलं. फाइलसिस्टिमची तपासणी पुन्हा. स्वच्छ.

मोकळ्या १ जीबीत नवं पार्टिशन केलं. मशीन जुन्याच /बूटवरून चालू केलं आणि पुढचं काम चालू सिस्टिममधून: एक्सटी४ फॉरमॅट, सगळ्या फाइलींची हक्कांसकट प्रत, एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी, जुनं अनमाउंट, नवं माउंट. यानंतर "ग्रब-इन्स्टॉल" न चुकता. ईएफआय पार्टिशनमध्ये डेबियनच्या फोल्डरात ग्रबची एक चिमुकली कॉन्फिग फाइल असते, तिच्यात /बूटचा यूयूआयडी लिहिलेला असतो. ती बदलली नाही तर ग्रब निमूटपणे जुन्या /बूटमधला मेन्यू दाखवत राहतं. सगळं चालू असल्यासारखं वाटतं, आणि पुढचं कर्नल आलं की ते मेन्यूत दिसतच नाही. ग्रब-इन्स्टॉलनंतर ती फाइल उघडून नवा यूयूआयडी वाचला, मग "अपडेट-ग्रब".

२१ सप्टेंबर, रविवार

"डेप" परत "मोस्ट" केलं, सगळ्या कर्नलच्या इनिटआरडी नव्यानं बनवल्या. एकही एरर नाही, आणि /बूटमध्ये अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक. जुनं /बूट पार्टिशन पुसलेलं नाही. नव्या कर्नलचा एखादा अपडेट सुखरूप जाईपर्यंत राहू दे. नंतरही ती २३६ एमबी जागा कशाला वापरायची हे सुचत नाही.

६.१२ वर बूट, ६.१ वर बूट, हार्ड डिस्कची केबल मुद्दाम काढून बूट. तिसऱ्या वेळी मशीन /डेटाशिवाय लॉगिनपर्यंत गेलं. "नोफेल" काम करतंय.

लॅपटॉप परत दिला. दादा: "आता पासवर्ड लगेच विचारतो की रे! हे काय केलंस?" अपग्रेडनं बिघडलेल्या दोन गोष्टींबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

माझा लॅपटॉप, अपग्रेडच्या आधी. /बूट: २३६ एमबी, अपेक्षेप्रमाणे. ॲप्टच्या शिफारशी: चालू. क्रिप्टटॅबमध्ये रूटशिवाय आणखी एक ओळ आहे, म्हणजे सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप लागणार. सोर्स (पॅकेजं जिथून येतात ते पत्ते) बदलल्यावर नुसतं सिम्युलेशन करून ते यादीत येतंय का हे आधी बघायचं. रिझ्यूमचा यूयूआयडी स्वॅपशी जुळतो.

घाई नाही. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. आधी बॅकअप, मग /बूट, मग सोर्समध्ये ट्रिक्सी. आणि रीबूट करण्याआधी टर्मिनल लॉगमध्ये "फेल्ड" शोधायचं, /बूटमध्ये प्रत्येक कर्नलशेजारी त्याची इनिटआरडी आहे का ते मोजायचं. बॅकअप आत्ता चालू केलाय.